सात हजार दोनशे चौदा

नाही नाही ताई, त्याचं तिकीट दाखवा असं म्हणतच नाहीये मी — प्रवाशाची माहिती दुसऱ्या कुणाला देत नाहीत, बायकोलासुद्धा नाही, कळलं, बरोबरच आहे नियम — मी फक्त अंतर विचारतेय. अंतर काय कुणाचं खाजगी नसतं ना? हा बघा, तुमच्याच कंपनीचा ईमेल. जितके किलोमीटर उडाल तितके पॉइंट. सोळा तारखेला सात हजार दोनशे चौदा, एकोणीसला परत सात हजार दोनशे चौदा. कुठून कुठे, ते नाही लिहिलेलं. नाव नोंदवताना नवऱ्यानं माझा ईमेल दिला — तू सगळं नीट वाचतेस, म्हणाला — आणि विसरून गेला. मी वाचते हो. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही वाचते, मग पोरीऐवजी मलाच ताप भरतो.

आणि हा आकडा ओळखीचा आहे. तो नोकरीला तिकडे गेला तेव्हा ही रोज विचारायची, बाबा किती लांब? मी पाठच करून घेतला तिच्याकडून, घरचा पत्ता पाठ करून घेतात तसा. खांद्यावर झोपलीये म्हणून, नाहीतर तिनंच म्हणून दाखवला असता. त्याच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत. दोन वर्षांत एकदाही येता आलं नाही त्याला. रजाच मिळत नाही.

हसू नका हं — हसत नाहीयात, माहितेय, मलाच आपलं तसं वाटतं. मी पोरीचा पृथ्वीचा गोल घेतला, त्याच्या शहरावर टाचणी टोचली, दोरा इथपर्यंत ताणला आणि तेवढाच दोरा सगळीकडे फिरवला. तेवढ्याच अंतरावर दुसरंही काही असेलच की! समुद्र लागला, मग बर्फ, मग वाळवंट, परत समुद्र. आणि एक बेट. डाळीच्या दाण्याएवढं. ऑफिसचं काम निघू शकतं ना तिथे? नाव लिहून आणलंय. बघा ना, तुमचं विमान उतरतं का.

बघा, सावकाश बघा.

अठराला व्हिडिओवर बोललो आम्ही. आमच्याकडे संध्याकाळचे आठ, म्हणजे त्याच्याकडे दुपारचे साडेतीन. मागे पडदा ओढलेला, दिवा लावलेला. डोकं दुखतंय, म्हणाला. तेवढ्यात आमच्या इथल्या कारखान्याचा आठचा भोंगा झाला — खिडकीतून आला आणि फोनमधूनही आला. ही ओरडली, आई, बाबाकडे पण भोंगा! मी म्हटलं, आपलाच आवाज परत येतो गं. येतो ना असा? येतो. पण मग तो दचकला कशाला? उठून खिडकी का लावली? तो भोंगा जिथवर ऐकू येतो ना ताई, तिथून आमचं घर फार तर — चालत अर्धा तास. पोरीला कडेवर घेऊनसुद्धा.

मी काय विचारलं असेल? जेवलास का, विचारलं.

...काय? विमानतळच नाही? नीट बघितलंत? फक्त बोटी जातात. बरं. नाही, प्रिंट नको. परतही नका बघू. श्श — उठली वाटतं. काही नाही गं चिमणे, झोप. अगं नको, आत्ता नको म्हणूस तो आकडा. नको म्हटलं ना!

ताई, तुम्ही पुढच्यांना बोलवा.