ओढ्यापल्याडची हद्द

(१९८१. ओढ्यापल्याडचं शेत. किसन कंपनीतून पहिली पाळी करून सायकलवर आला आहे. बांधावर त्याची आई सोजराबाई आणि शेजारच्या रानाचा मालक हनीफ बसले आहेत.)

किसन : पण हद्दीचा दगड आपल्या रानाच्या पलीकडं कसा? नगरपालिकेची हद्द ओढ्यापर्यंतच येणार होती ना?

सोजराबाई : म्या बी त्येच म्हनलं त्यांना. ते म्हनले, नकाशात हितंच हाय.

किसन : मग अडवायचं की.

हनीफ : काकी सकाळीच माझ्या दुकानात आली होती, भावा. नगरपालिकेची माणसं रानात चुन्याची फक्की टाकतायत म्हणाली. दुरुस्तीला आलेलं इंजिन तसंच उघडं टाकलं आन दोघं बसनं नगरपालिकेत गेलो. एक क्लार्क भेटला. भला माणूस, खोटं कशाला बोलू. पंखा काकीकडं वळवला त्यानं.

किसन : पंख्याचं राहू दे. म्हणाला काय?

हनीफ : ओढ्याच्या दोन्ही बाजू घेतल्याशिवाय हद्द नीट बसत नाही म्हणाला.

सोजराबाई : म्या म्हनलं, रान माझ्या नावावर हाय आन मी न्हाई म्हनलीया. चावडीत, समद्या गावादेखत.

हनीफ : तो म्हणाला, बाई, तुमचा नकार आलाय आमच्याकडं. त्याची दखल घेतलीय.

किसन : दखल घेतली म्हणजे काय केलं?

हनीफ : वाचला असंल.

किसन : अरे, त्या दिवशी चावडीत नगरपालिकेचा साहेब काय बोलला होता? मालकाच्या संमतीशिवाय कुणाचं रान आत घेणार नाही. मी रजा टाकून आलो होतो, या कानांनी ऐकलंय.

हनीफ : ते विचारलं मी. क्लार्क म्हणाला, बहुतेकांची संमती आली की सगळा पट्टा एकच धरतात.

किसन : आणि त्या बहुतेकांत तू आहेस.

हनीफ : हाय.

किसन : तुझं रान आमच्या रानाला लागून. तू सही केली नसतीस तर पट्टा तुटला असता.

हनीफ : तुटला असता का, ते मला न्हाई माहीत. मी नगरपालिकेच्या नळासाठी केली सही. विहिरीच्या पाण्याला कसला वास येतोय ते तुला ठाऊक हाय. बायकोचे, सुरय्याचे दिवस भरत आलेत, आन ती शाळेपासनं हंडे आणतीय. मला वाटलं, माझं रान माझ्या सहीनं जाईल, काकीचं तिच्या नकारानं राहील. तसंच सांगितलं होतं ना त्यांनी?

सोजराबाई : त्याला बोलू नगं, किसन. दिसभर माझ्यासंगं उपाशी हाय त्यो.

किसन : बोलत नाही. मग आता रानाचं काय?

हनीफ : ओढ्याकाठची सखल जमीन मैलापाण्याच्या टाक्यांसाठी राखून ठेवणार. तुमची आन माझीबी. काम निघेपर्यंत पीक घ्या म्हणाला.

किसन : काम कधी निघणार?

हनीफ : ते त्यालाबी ठाऊक न्हाई.

किसन : आणि घर?

हनीफ : बांधता येणार न्हाई. नवी विहीरबी न्हाई.

किसन : प्रभावतीला मी सांगून बसलोय, पावसाळा सरला की लग्नाआधी इथं दोन खोल्या काढू. तिच्या बापाला जागा दाखवून झालीय.

सोजराबाई : म्हाईत हाय मला.

किसन : युनियनच्या वकिलाला विचारतो. हरकत घेऊ.

हनीफ : हरकतीची मुदत संपली म्हणाला.

किसन : आईचा नकार तर मुदतीत होता.

हनीफ : म्हणून तर दखल घेतली.

किसन : हसू नकोस, हनीफ.

हनीफ : हसत न्हाई रे.

सोजराबाई : तुला एक सांगू का? माझं लगीन ठरलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. तुझा बाप गेला, भावकीनं वाटणी केली, हे खडकाळ रान माझ्या पदरात टाकलं, तवाबी न्हाई. त्या सायबानं इचारलं. म्हनला, आजी, मोकळेपणी सांगा. म्या सांगितलं. घरी येऊन किती दिस मला बरं वाटत व्हतं. समदी हसली, तूबी म्हनलास, हो म्हनायचं की. पर मला बरं वाटत व्हतं.

किसन : तेव्हा मला कळलं नाही, आई.

सोजराबाई : आता मला कळंना झालंय. घ्यायचंच व्हतं तर इचारलं कशाला?

हनीफ : चल काकी, घरी जाऊ. सुरय्यानं भाकरी टाकल्यात.

किसन : तुम्ही व्हा पुढं. मी तो दगड उपटतो.

सोजराबाई : न्हाई निघायचा. खोल गेलाय.

किसन : खोल? हातभर खाली तर कातळ आहे इथं. बाबांना साधा खुंटा ठोकता आला नव्हता.

सोजराबाई : त्यांची पहार वाकली. मी कचेरीतनं आले तवा उन्हात बसली व्हती पोरं. आपली मागितली.

किसन : आणि तू दिलीस?

सोजराबाई : दिली. काम झाल्यावर पुसून परत आणून दिली त्यांनी.