हवालदाराचा बिब्बा

मंडळी, टाळ खाली ठेवा. आधी प्रश्न.

जी जखम बरी झाली, अगदी खपलीसुद्धा पडून गेली, ती कुणी विचारली तर सांगायची की लपवायची?

लगेच उत्तर नको! देवळात बसलात, तर 'सांगायची, महाराज' असंच म्हणाल. घरी गेल्यावर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

बरं, अंगावर एकही डाग नाही असा कोण आहे इथं? हात वर करा. — सरपंच, हात खाली घ्या! वहिनी तिकडं तोंडाला पदर लावून हसतायत.

तर ऐका. मिलिटरीच्या दवाखान्यात एक पोरगा नुसत्या चड्डीवर उभा आहे, आणि त्याच्या कमरेवर तळहाताएवढे फोड —

थांबा. इथून नको. फोडाच्या आधी बिब्बा आला पाहिजे. आणि बिब्ब्याच्या आधी बाप.

बाप म्हणजे हवालदार हिंदुराव कणसे. नाव बदललंय हं मी. बाकी सगळं त्यांना विचारून सांगतोय. ते आज इथंच बसलेत. — माना वळवू नका! म्हणूनच तर नाव बदललं.

हिंदुराव वीस वर्षं फौजेत होते. त्यांचा मुलगा सुजय. अंगाला माती लागल्यापासून त्याला एकच ठाऊक : आपण फौजेत जायचं. रोज पहाटे धावायचा. घामानं ओली चड्डी, तिचं इलॅस्टिक कमरेला घासायचं. अठराव्या वर्षी तिथं नायटा उठला. बांगडीसारखा गोल! तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, दोन महिन्यांत गेला. मागं राहिला एक फिकट डाग. आईनं चष्मा लावला तरच दिसेल एवढा.

तीन वर्षं गेली. भरती निघाली. सुजय धावण्यात पहिल्या गटात आला, लेखी परीक्षा पास झाला. राहिली डॉक्टरी तपासणी, आठ दिवसांवर. आणि ही शेवटची भरती बरं का! पुढच्या वेळी वय निघून जाणार होतं.

तपासणीचा अर्ज घरी आला. आता तुम्ही सगळे सुजय. मी विचारतो, तुम्ही 'नाही' म्हणायचं. मृदंग, ठेका द्या, हळू.

दमा आहे? — नाही!

फेफरं येतं? — नाही!

कान फुटलाय? — नाही!

कातडीचा आजार कधी झाला होता? —

काय झालं? गप्प का?

सुजयचं पेनही इथंच अडलं.

"अप्पा, झाला होता की."

"बरा झाला ना?"

"झाला."

"मग झालाच नव्हता! लिही 'नाही'."

चुलीपाशी भाकरी थापत शालनबाई, म्हणजे सुजयची आई, म्हणाली, "अगं बया! मी बाळंतपणातून बरी झाले, म्हणजे हा झालाच नव्हता का?"

"तू मधी बोलू नकोस. फौज मी बघितलीय. माझ्यासमोर एका पोराला पाठीवरच्या चट्ट्यापायी परत धाडलं. फाटकाबाहेर बसून लहान मुलासारखा रडत होता."

हिंदुरावांनी अर्ज ओढला, स्वतःच्या हातानं लिहिलं : नाही. सही तेवढी राहिली. ती डॉक्टरांसमोर करायची होती.

पण डागाचं काय? डागाला काही लिहिता-वाचता येत नाही. तो कमरेवर बसून होता!

मग आला बिब्बा. सुई टोचली, दिव्यावर धरला, तेल सुटलं. "पालथा पड. वरचं कातडं गेलं की खालून नवं कोरं येईल." सुजयनं 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तर त्याला दिसलं, अप्पा बिब्ब्यावर फुंकर घालतायत, पोराला चटका नको म्हणून. बंदूक धरलेला माणूस! तो निमूट पालथा पडला. माणूस मायेनं जाळत असेल तर ओरडताही येत नाही हो.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. — बघा, बायका चुकचुकल्या. त्यांना माहीत आहे. पुरुषांसाठी सांगतो : सूज, फोड, पाणी, आणि अशी आग की चड्डीची नाडी बांधवेना.

आता जाऊ दवाखान्यात. तपासायला एक मेजर बाई. त्या हिंदीत बोलल्या, मी आपल्या भाषेत सांगतो.

"हे काय आहे?"

सुजयपुढं अर्ज, हातात पेन. वर अप्पांचं अक्षर : नाही. त्यानं ते खोडलं. लिहिलं : हो. आणि आईनं पिशवीत सरकवलेली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "तीन वर्षांपूर्वीचा नायटा? तो कधीच बरा झाला. त्यासाठी मी तुला थांबवलंच नसतं. पण हे ताजं आहे. आज पास करता येत नाही. दीड महिन्यानं ये, तेव्हा बघू. कुणी केलं हे?"

आता बापाचं नाव सांगायचं?

"वडिलांनी, मॅडम. वीस वर्षं फौजेत होते. घाबरले."

भरले ते झाकू गेलो । हाताने नवे करून आलो ॥

ही ओळ माझीच आहे, चाल बसली नसेल तर पेटीवाल्यांना बोला.

फाटकाबाहेर हिंदुराव उभे. "झालं?"

"दीड महिन्यानं बोलावलंय."

हिंदुराव तिथंच फाटकापाशी मातीत बसले. "माझ्या हातानं केलं मी. माझ्याच."

"अप्पा, मी तुमचं नाव सांगितलं आत."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वडिलांना सांग, आता काही म्हणजे काही लावायचं नाही. खोबरेलसुद्धा नाही!"

पुढचा दीड महिना मलम लावायचं काम आईचं. हिंदुरावांनी दोन हात लांब बसायचं आणि पुठ्ठ्यानं वारा घालायचा. रोज विचारायचं, "दाखवतोस का रे?" विचारून, बरं का! आयुष्यात पहिल्यांदा!

एक दिवस वारा घालता घालता हात थांबला.

"सुजय, मला लहानपणी इसब होतं. नडगीवर. भरतीच्या आधीच बरं झालेलं. मीही अर्जावर 'नाही' असंच लिहिलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. कुणी धरलं नाही. पण वीस वर्षं गोळीला भ्यालो नाही, तेवढा दरवर्षीच्या तपासणीला भ्यालो. तुझ्या कमरेवर मी माझंच इसब जाळत होतो रे."

शालनबाई आतून बाहेर आली. म्हणाली, "एवढी वर्षं संसार केला, मला कधी सांगितलं नाहीत. मी काय परत धाडलं असतं?"

मंडळी, पोरगा दीड महिन्यानं गेला, 'हो' लिहून पास झाला. आज तो बर्फात कुठंतरी पहारा देतोय. कमरेवर बिब्ब्याचा काळा डाग आहे अजून. पोरं विचारतात, 'गोळी लागली का?' तो म्हणतो, 'नाही, बाप लागला.'

आता तुमचा अर्ज. ठेका द्या. मोठ्यानं नको, मनात उत्तर द्या.

जे केव्हाच भरून आलंय, ते अजून कुणापासून लपवताय? बायकोपासून? भावापासून? ज्या पोराला 'खरं बोल' म्हणून दटावता, त्याच्यापासून?

त्यानं परत धाडलं असतं असं वाटतं? विचारलंत का कधी?

शेवटचा रकाना राहिला. कातडीचा आजार कधी झाला होता? —

— कोण बोललं? त्या खांबामागून! जरा मोठ्यानं, हवालदार!

"झालं होतं! इसब! नडगीवर!"

हसा मंडळी, हसा. ते स्वतःच हसतायत बघा. — मृदंग, आता मोकळा सोडा हात!