दीड महिन्याचं वाढं

वाल्मिक : एक्केचाळीस टक्के? एवढंच? अगं सुकन्या, मागच्या वर्षी एकाचे त्र्याहत्तर आले होते. आज सुप्याला कंपनीत केमिस्ट आहे तो. एवढं तोंड पाडू नको.

सुकन्या : वाल्मिककाका, प्रबंधात उचललेल्या मजकुराची मर्यादा दहाची आहे. माझ्या गाइड पुष्पावती मॅडमनी रिपोर्ट माझ्यासमोर उघडला. दुसरं प्रकरण सगळं लाल. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसती पानं उलटत राहिल्या.

वाल्मिक : आणि शेवटी?

सुकन्या : "सोमवारी पाचपर्यंत स्वतःचं लिहून आण. नाही आणलंस, तर तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी."

वाल्मिक : आज गुरुवार. भरपूर वेळ आहे. बस त्या स्टुलावर. सावेडीत टायपिंग-बाइंडिंगची दुकानं ढीगभर आहेत, पण टक्के उतरवून देणारा हा एकच माणूस. पेनड्राइव्ह दे.

सुकन्या : उतरवणार कसे?

वाल्मिक : हे बघ. एक सॉफ्टवेअर आहे. आपण परिच्छेद टाकायचा, ते शब्द बदलून देतं. मशीनला वाटतं नवीन लिहिलंय. टाकला बघ... आला. वाच.

सुकन्या : "जनावरांच्या चाऱ्यावर लिंबाचा रस शिंपडल्यास..." काका!

वाल्मिक : काय झालं?

सुकन्या : मी इंग्रजीत "लाइम वॉटर" लिहिलं होतं, म्हणजे चुन्याची निवळी. यानं तिचं लिंबू सरबत केलं.

वाल्मिक : मग तेवढं हाताने दुरुस्त करू की.

सुकन्या : आणि मला न कळलेलं जे बदललं असेल, ते? नको. बंद करा.

वाल्मिक : मग दुसरा उपाय. सगळ्या पानाचा फोटो काढून फोटोच चिकटवायचा. मशीनला फोटो वाचता येत नाही.

सुकन्या : मॅडमना येतं.

वाल्मिक : तू पण ना! अगं, हे प्रकरण मीच तुला दिलं ना, आपल्या जुन्या फायलीतून? सगळे नेतात. मागच्यांनी काय काम केलं ते लिहायचं असतं. मग मागच्यांचंच उचललं तर बिघडलं कुठं?

सुकन्या : मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. सहा महिने प्रयोगशाळेत घालवले, आकडे सगळे माझे आहेत. म्हटलं, आधीच्या माहितीचं कोण बघतंय. थांबा, आईचा फोन आहे. जेवणाच्या सुट्टीतच करते ती.

वाल्मिक : स्पीकरवर टाक, दुकानात कोणी नाही. रंगुताई, नमस्कार! वाल्मिक बोलतोय, बाइंडिंगवाला.

रंगुबाई : नमस्कार भाऊ. सुकू, झालं का गं तुजं पुस्तक?

सुकन्या : नाही आई. अडलंय. तू कुठे आहेस?

रंगुबाई : श्रीरामपूरच्या अलीकडं, उसाच्या फडात. आज लवकर टायरगाडी भरली, म्हनून बसलोय भाकर खात. अडलं म्हंजी?

सुकन्या : दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवलं म्हणून परत पाठवलं.

रंगुबाई : उतरवलं? तुज्यासंगं सहा म्हैने मी बी वाढं गोळा करून धाडलं की. एस्टीच्या डायव्हरच्या हातापाया पडून गोनी ठेवायची मी. हे तर समदं तुजं.

सुकन्या : प्रयोग माझा, आई. पण त्याच्या आधी जी माहिती लिहिली ती नाही.

वाल्मिक : ताई, पोरीने विषयच असा घेतला! उसाच्या शेंड्याचा पाला बैलांना घातला की त्यात काय असतं म्हणे...

सुकन्या : ऑक्झलेट. ते पोटात गेलं की कॅल्शियम धरून ठेवतं. हाडाला मिळू देत नाही.

रंगुबाई : म्हनून तर बैल गळाटतो. निस्त्या वाढ्यावर ठिवला की उटता येत न्हाई त्याला. चुन्याची निवळी शिपडायची, मंग काय न्हाई हुत. सांगितलं हुतं तुला.

सुकन्या : हो. तेच तर तपासलं मी.

रंगुबाई : लिवलंस का मंग तसं?

सुकन्या : लिहिलं. म्हणजे... "असे आढळून आले आहे" असं लिहिलं.

रंगुबाई : कुनाला आडळलं? बरं, ते उतरवल्यालं वाच की जरा. ऐकू दे मला बी. भाकर हाय आजून अर्दी.

सुकन्या : इंग्रजीत आहे. मराठीत सांगते. "उसाच्या वाढ्यांमध्ये ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते. एक दिवस सुकवल्यास ते कमी होते. दर दीड महिन्याने वाढ्यांची कापणी करावी..."

रंगुबाई : काय करावी?

सुकन्या : कापणी. दर दीड महिन्याने.

रंगुबाई : अगं माय माय! ए शांते, ऐकलं का! आमच्या सुकूच्या कालेजात दीड म्हैन्याला वाढं कापत्यात! अगं, शेंडा कापला तर ऊस काय व्हईल? वरीसभर उबा ऱ्हातो त्यो. वाढं निगतं ते ऊस तुटल्यावर. कोन शाना म्हनायचा ह्यो?

सुकन्या : काका, हे वाक्य मी तीनदा वाचलंय. तीनदा. माझं अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलं, आणि मला दिसलं नाही.

रंगुबाई : तू वाचलंस कुटं? तू निस्तं लिवलंस. ठिवते गं, मुकादम आला.

सुकन्या : काका, ही फाईल तुमच्याकडे कुठून आली?

वाल्मिक : बघतो. इथं सहा आहेत. निकिता... तिचं तिच्या आधीच्या पोराकडून, त्याचं... ही सगळ्यात जुनी. गोरक्षनाथ. मीच टाईप केलं होतं, हाताने लिहून आणायचा बिचारा. उघडतो. हं. शीर्षक आहे, "नेपियर गवतातील ऑक्झलेट".

सुकन्या : नेपियर! हत्तीगवत! ते दीड महिन्यालाच कापतात. पुढे?

वाल्मिक : त्याच्या पुढच्या पोरीला शीर्षकात उसाचं वाढं हवं होतं. वेळ नव्हता. ती म्हणाली, काका, नेपियर शोधा आणि सगळीकडे वाढं करा. मी एक बटण दाबलं. एकशे चौदा ठिकाणी बदललं, एका सेकंदात. मला तर तेव्हा लई हुशारी वाटली होती.

सुकन्या : म्हणजे "सुकवल्यास कमी होते" हेसुद्धा गवताचं आहे?

वाल्मिक : मला काय माहीत? मी बाइंडिंगवाला.

सुकन्या : काका, माझी वही कुठाय... ही बघा. जानेवारी. ओव्हनमध्ये वाळवलेली समान वजनाची पूड, प्रत्येक वेळी. जेवढं परमँगनेट लागेल, तेवढं ऑक्झलेट. ताज्या वाढ्याला चौदा पूर्णांक दोन मिलिलिटर परमँगनेट लागलं. एक दिवस उन्हात सुकवलेल्याला चौदा पूर्णांक एक. पुन्हा चौदा. पुन्हा चौदा पूर्णांक दोन.

वाल्मिक : मग?

सुकन्या : मग काय! सुकवल्याने काही कमी होत नाही. मला वाटलं माझंच चुकतंय, कारण छापलेलं वेगळं होतं. म्हणून या तीन नोंदी मी तक्त्यातूनच काढून टाकल्या. माझ्या डोळ्यांसमोर उत्तर होतं आणि गवताच्या नादात मी ते खोडलं.

वाल्मिक : आता काय करतेस?

सुकन्या : प्रकरण अख्खं पुसते. मूळ शोधनिबंध ग्रंथालयात बसून वाचते, मिटून ठेवते, आणि मग मला कळलं तेवढंच लिहिते. तीन नोंदी परत आत. आणि मॅडमना आत्ता जाऊन सांगते की त्या मी काढल्या होत्या.

वाल्मिक : ते कशाला सांगतेस? त्यांना कुठं माहिती आहे?

सुकन्या : मला माहिती आहे ना.

वाल्मिक : रागावतील गं.

सुकन्या : रागावू देत. तोपर्यंत ती सहा फाईलींची माळ पुसून टाका. गोरक्षनाथची ठेवा.

(पुढच्या बुधवारी, दुपार सरताना. तेच दुकान.)

वाल्मिक : सहा टक्के? खरं?

सुकन्या : सहा. आणि तेही संदर्भांची नावं आणि रसायनांची नावं. ती कोण बदलणार?

वाल्मिक : आणि तोंडी? लवकर सांग, मी सकाळपासून डिंकात बोट बुडवून बसलोय.

सुकन्या : बाहेरचे परीक्षक आले होते. भारी कडक. पहिलाच प्रश्न, "सुकवल्याने ऑक्झलेट कमी होतं असं तुमच्याच महाविद्यालयाच्या पाच प्रबंधांत आहे. तुम्ही म्हणता होत नाही. तुम्ही बरोबर आणि ते पाच चूक?"

वाल्मिक : मेलो!

सुकन्या : मी म्हटलं, सर, ते पाच नाहीत, एकच आहे. आणि ते गवतावर आहे.

वाल्मिक : माझं नाव घेतलंस?

सुकन्या : बटणाचं नाव घेतलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "सुकवलेल्याची पूड शिल्लक आहे?" डबीत होती. "चला प्रयोगशाळेत. आत्ता करा." जेवणाची सुट्टी गेली त्यात. मॅडम दारात उभ्या, हात मागे बांधून. अर्क काढला, गाळला, आम्ल घातलं, गरम केलं. ब्युरेटमधून थेंब सोडायला लागले.

वाल्मिक : आकडा सांग, आकडा!

सुकन्या : गुलाबी रंग यायचा आणि जायचा. तेरा पूर्णांक नऊ, गेला. चौदा, गेला. चौदा पूर्णांक एकला आला आणि थांबला. सरांनी घड्याळ लावलं. अर्धा मिनिट. हलला नाही रंग.

वाल्मिक : चौदा पूर्णांक एक! जानेवारीतलाच!

सुकन्या : तोच. मग निवळी शिंपडलेलं केलं. आठ पूर्णांक सहा. सर चष्मा काढून म्हणाले, "हे छापायला पाठवा."

वाल्मिक : अगं, मग रडतेस काय? चहा! दोन सांगतो, थांब. आणि मॅडम? त्या तीन नोंदींचं?

सुकन्या : गुरुवारीच बोलल्या होत्या, अर्धा तास. आज फक्त म्हणाल्या, "वही जपून ठेव." आईला लावते.

रंगुबाई : बोल गं. पास का?

सुकन्या : पास, आई! पहिला नंबर. आणि ऐक, शेवटी सरांनी संदर्भांचं पान काढलं. म्हणाले, "हे संदर्भ क्रमांक नऊ, रंगुबाई, ऊसतोड कामगार, मुक्काम श्रीरामपूर. हे कोण?" मी म्हटलं, चुन्याची निवळी शिंपडायची हे मला यांनी सांगितलं. मी फक्त मोजलं. माझी आई आहे.

रंगुबाई : माजं नाव? पुस्तकात?

वाल्मिक : पुस्तकात, ताई! मी स्वतः छापलंय. सोनेरी अक्षरात बाइंडिंग, पाच प्रती, कालेजात कायमच्या राहणार. आत्ताच शिवून ठेवल्यात.

रंगुबाई : आन् त्या गवतवाल्याचं?

सुकन्या : गोरक्षनाथचं सातव्या क्रमांकावर. त्याचं काम खरं होतं, आई. गवताचं.

रंगुबाई : बरं केलंस. पर सुकू...

सुकन्या : काय?

रंगुबाई : माजं खोड ते.

सुकन्या : का गं?

रंगुबाई : मला कुटं म्हाईत हुतं? पयल्या साली आपला पांढऱ्या बैल बसला, तवा शेजारच्या पाचटाच्या कोपीतली बनुबाई आली मडकं घिऊन. तिनं शिकवलं निवळीचं. तू पाळन्यात हुतीस. ते तिचं हाय, माजं न्हाई.

सुकन्या : काका, ऐकलंत?

वाल्मिक : ऐकलं. पाचही प्रती उसवतो. शेवटचं पान बदलायचं ना?

सुकन्या : हो. आई, बनुबाईचं आडनाव काय? गाव?

रंगुबाई : थांब, तिच्या सुनंला इचारून सांगते. घाईत चुकीचं नगं लिवू.