कोकरू कुणाचं ते मला इचारा

माझा जल्म कुठला म्हणाल तर मेंढरांच्या वाड्यावरचा, वाट चालता चालता झालेला, कुठल्या शिवारात ते माझ्या आईलाबी नीट सांगता येत नव्हतं. सासर अवसरी बुद्रुक. घर हितं, पण दिवाळी झाली की मेंढरं घिऊन माळशेजचा घाट उतरायचा, कोकणात जायचं, आन पावसाच्या आत माघारी. शाळा न्हाई, पाटी न्हाई. माझं शिक्षान म्हंजी कोकरं.

आता तुमाला वाटंल कोकरांत काय शिकायचं. भाऊ, दिवसभर मेंढ्या चरायला जात्यात, कोकरं वाड्यावर ऱ्हात्यात. सांजच्याला मेंढ्या आल्या की ह्यो कालवा! आया वरडत्यात, कोकरं वरडत्यात, आन आपण मधी उभं ऱ्हाऊन एकेक कोकरू उचलायचं नि त्याच्याच आईखाली लावायचं. तसंच सोडलं तर दांडगं कोकरू दोघींचं पिऊन जातं आन बारकं उपाशी मरतं. ह्ये काम बाईचं. चाळीस आया, चाळीस कोकरं, म्या कधी चुकले न्हाई. गर्व व्हता मला त्याचा, व्हताच, खोटं कशाला बोलू.

मंग साठी आली, आन त्याच साली दसऱ्याच्या टायमाला आमच्या सखारामनं, माझ्या पोरानं, टीव्ही आणला. ठिवला बी कुठं, तर अंगणातनं दिसंल असा. सांजची मालिका आन कोकरं लावायची येळ एकच. हात कोकरावर, डोळं त्या डब्यात. भुरी नावाची मेंढी व्हती, ती एका कोकराला डोकं मारायला लागली. म्या म्हनलं, रांडंला लई माज आलाय, आन तिचं डोकं गुडघ्यात दाबून त्येला पाजलं. दोन सांजा पाजलं. ते मोरी नावाच्या दुसऱ्या मेंढीचं व्हतं हो. भुरीचं खरं लेकरू कोपऱ्यात उपाशी. तिसऱ्या दिवशी मेलं. भुरी मला सांगत व्हती, म्या ऐकलं न्हाई.

सखाराम म्हनला, आई, तुजं ध्यान ऱ्हात न्हाई आता, वय झालं, मेंढरं इकून टाकू, तू निवांत बस. म्या लई रडले. मंग राग आला. म्हनलं, ध्यान वयानं गेलं का त्या डब्यानं, ते आधी बघू. एवढी कोकणची फेरी करू दे. एक कोकरू जरी चुकलं तरी मीच म्हणीन इका.

कुणी म्हनलं बदाम खा. बदाम खाऊन कोकरू वळखतं व्हय? म्या आपलं एकच धरलं. कोकरं लावताना दुसरं बोलायचं न्हाई, दुसरं ऐकायचं न्हाई. नुसतं बघून भागवायचं न्हाई, हात फिरवायचा, कानावर, पाठीवर. आन नावं मोठ्यानं म्हणायची, मोरीची लेक काळी, काळीची लेक बांडी, बांडीचं ह्ये. वाट चालताना तीच नावं परत. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी नावं सरकत्यात ह्ये बी ध्यानात आलं, म्हणून दुपारी घटकाभर पडायची. सूनबाई सुमन हसायची, म्हणायची आत्याचं भजन लागलं.

माघारी येताना आळेफाट्याला एका ट्रकनं असा भोंगा वाजवला, आमची मेंढरं उधळली नि समोरनं येणाऱ्या दुसऱ्याच्या खांडात, म्हंजी कळपात, घुसली. मेंढ्यांच्या कानाला खुणा असत्यात, कोकरांचं कान अजून कापल्यालं नव्हतं. झाली बाचाबाची, काठ्या उचलल्या. त्या खांडाचा धनी, तो पावणा म्हनला, अंदाजानं वाटून घिऊ. सखाराम माझ्याकडं बघाया लागला. म्या म्हनलं, अंदाज कशाला राव, आया हायेत की.

रस्त्याकडंच्या एका ग्यारेजच्या मागं मोकळं रान व्हतं, तिथं बसले. एकेक कोकरू उचललं, नाव घेतलं, लावलं. आमची सव्वीस कोकरं, उरली ती त्या पावण्याची. एकीचंबी डोकं दाबलं न्हाई, मेंढी खोटं बोलत न्हाई. शेवटाला भुरी. ती कोकणात परत व्याली व्हती. कोकरू खाली ठिवलं, तिनं शेपटी हुंगली आन गप उभी ऱ्हायली. पावण्यानं हात जोडलं. सखारामनं इकायचं नाव परत काढलं न्हाई.

आता गुडघं बोलत्यात, म्या घरीच असते. बारा मेंढ्या ठिवल्यात दारात, बाकीच्या सखारामसंगं वाटंला. चुलीवर दूध ठिवून इसरते, शेजारणीचं नाव जिभंवर येत न्हाई. येऊ दे न्हाईतर न्हाई. गेल्या आठवड्यात कोकरू उचललं, म्हनलं बांडीचं. सुमननं माझं मनगट धरलं. आत्या, काळीचं हाय. काळीखाली लावलं, काळी उभी ऱ्हायली. सुमन घाबरली, वाटलं आता ही रडंल. म्या हसले. म्हनलं, भजन पाठ झालं की गं तुजं! माझ्या डोक्यात व्हतं ते आता तुज्याबी डोक्यात हाय, मंग माजं काय हारवलं?

सुखी ऱ्हावा, भाऊ. च्या पिऊन जा, सुमन देईल. मेंढ्यांचा आवाज येतोय बगा, आता म्या बोलायची न्हाई.