भिंतीवर टांगलेली मैलारलिंगाची घोंगडी

नाव बाणूबाई भ्रतार मायाप्पा, वय अंदाजे ४८, धंदा शेती व मजुरी, राहणार चिटगुप्प्याजवळ, जिल्हा बीदर. सन २००८. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

मला कन्नड येते. पण राग मराठीतच नीट येतो, म्हणून जबाब मराठीत घ्यावा.

बीदरला काही कलाकारांनी मिळून मैलारलिंग, म्हणजे खंडोबा, आणि त्याची बाणू यांच्या कथेवर प्रदर्शन भरवले. त्यांचे पुढारी सोमशेखर मूळचे भालकीचे, आता पुण्यात असतात. माझे नाव ऐकून त्यांना भरून आले. आमच्या गल्लीत बाणूबाई चार आहेत. बाकी तिघींकडे ते गेले नाहीत, कारण देवाची घोंगडी आमच्या घरी आहे.

घरातल्या लग्नाआधी देव याच घोंगडीवर बसवतात. माझी मुलगी भाग्यलक्ष्मी हिचे लग्न येत्या सोमवारी आहे. हे मी सोमशेखर यांना सांगितले होते.

"अक्का, देव बसवून दावा. उद्घाटन झालं की घिऊन जावा," असे ते म्हणाले.

मी हॉलमध्ये घोंगडी अंथरली, तांदळावर सुपारी मांडली, भंडारा उधळून देव बसवला. बसवलेला देव नैवेद्य दाखवून उठवतात. तोवर घोंगडीला हात लावत नाहीत. दाखवण्यापुरता देव बसवणे आम्हाला येत नाही.

उद्घाटनाला मी नैवेद्य घेऊन गेले. घोंगडी खिळे मारून भिंतीवर टांगलेली होती. वर निळा दिवा. तांदूळ झाडून टाकलेले. पाहुणे चपला घालून, माना वाकड्या करून वाहवा करत होते. कशाची, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

मी विचारले, "कामून टांगलास रे देवाला?"

"अक्का, समाजातला ताण दाखवायलोय."

मी घोंगडी ओढली. सोमशेखर यांनी दुसरे टोक धरले. ताण सर्वांना दिसला. एक कोपरा फाटला व घोंगडी मी घरी नेली.

चोरी केली, कलाकृती बिघडवली, ही सोमशेखर यांची तक्रार खोटी आहे. सर्वांनी मिळून केलेले काम, असे दारावरच लिहिले होते. मी माझ्या वाटचे केले.

पोलिसांनी घोंगडी घरून जप्त करून आणली. निकाल लागेपर्यंत ती ठाण्यात राहील, असे साहेब म्हणाले. देव अजून उठवलेला नाही, म्हणजे तोही ठाण्यात आहे. मुलगी जेवत नाही. "आय, लगीन व्हतंय का न्हाई?" एवढेच विचारते. मी तिला होईल म्हणून सांगितले आहे. ठाण्याच्या आवारात मांडवापुरती जागा आहे. सोमवारी वऱ्हाड इथेच येईल.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. घोंगडीजवळ येताना जमादारांनी बूट काढले, हेही लिहा म्हटले, तर ते नको म्हणाले. लिहिल्यावरच अंगठा दिला.