आज भांग हाय

बोटाला टाके घालून घ्यायला बोईसरच्या दवाखान्यात बसलेल्या नागोरावाला पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मोटरसायकलवरून पडलेला नवापूरचा नामदेव आत होता. सोबत त्याची बायको नलू, आणि लातूरकडची नवी सिस्टर.

“मान हलवायची नाही, काका. पट्टा लावलाय. आज दिवस कोणता?”

“आज भांग हाय.”

“भांग? किती घेतली?”

“घेतली नाय, सिस्टर. भांग हाय!”

“डोक्याला लागलंय आणि त्यात नशा!”

“अवो बाय, समुद्राला पानी कमी चढतं, त्या दिवसाला आमी भांग म्हनतो. माजे नवऱ्याला लग्नाची तारीख ठावं नाय, पन पानी बरोबर समजतं.”

“नलू, हसवू नको, बरगडी दुखते.”

“मंग गाडी गटारात घातली तवा कोन हसवीत होता?”

“काका, पायाची बोटं हलवा. छान. आता वार सांगा. नाहीतर मावशी, तुम्हीच सांगा, म्हणजे ताळा होईल.”

“आज ना... आज...”

पडद्याखालून नलूची पावलं मागे सरकून भिंतीला टेकलेली दिसली.

“शुक्करवार, नलू. तुजा बाजाराचा वार.”

“हां... हां.”

“सिस्टर, मला मंग बगा. आदी तिला खुर्ची द्या.”