एक रिंग खाली, एक रिंग वर

नाही, तसं नाही दादा—आधी काय खटकलं ते सांगते. दीड वाजला तरी फोन एकदाही वाजला नव्हता, आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं. इंटरव्ह्यू झाला होता, मॅगी खाऊन झाली होती, पातेलं घासत होते, आणि मनात म्हणतेय, किती शांत गेला आजचा दिवस. आणि मध्येच हात थांबला. शांत का गेला? बस, एवढंच. तशाच ओल्या हाताने फोन उचलला—नाही, तो चार्जरवरून काढू नका हां, तीन टक्क्यांवर आलाय म्हणून तर तुमच्याकडे धावत आले, स्पीकरवरच राहू दे. रिंग जातेय ना? जातेय. जाऊ दे. बंद झाली की परत लावते.

मला फक्त एक सांगा, तुम्ही रोज हे मोबाइल दुरुस्त करता. ब्लॉक केलेल्या नंबरवरून कॉल आले की ते त्या यादीत दिसतात—सगळे दिसतात, की एका नंबरचा एकच दिसतो? म्हणजे दोनदा केला असेल आणि फोनने एकच दाखवला, असं होतं का? ... सगळे दिसतात. प्रत्येकाची वेळ येते. हो, वेळ आलीय, अकरा चौदा. पण एकच आहे. दुसऱ्या सिमवर? तेही बघितलं, काही नाही. एकच आहे दादा, आणि दोन हवे होते.

माझे पप्पा लिफ्टचे मेकॅनिक आहेत, रतन कांबळे, तुम्ही ओळखता, मागे कव्हर न्यायला आले होते, जाड मिश्या. मुलुंडच्या सोसायट्या आहेत त्यांच्याकडे. लिफ्टच्या खाली खड्डा असतो ना, पिट म्हणतात त्याला, त्यात उतरून काम करावं लागतं आणि वर अख्खी लिफ्ट टांगलेली. पूर्वी जोडीला रामनाथकाका असायचे, ते रिटायर झाले, त्यांच्या जागी कंपनीने माणूसच दिला नाही. मग पप्पांनी आपली रीत काढली. उतरण्याआधी घरी एक रिंग द्यायची, वर आलं की आणखी एक. उचलायचं नाही, बोलायचं नाही. अर्ध्या तासात दुसरी रिंग आली नाही तर त्या बिल्डिंगच्या वॉचमनला फोन करायचा. आई होती तोवर आई घड्याळ बघायची. शेगडीवर दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष घड्याळाकडे. आता घरी मीच.

आई गं!—काही नाही, त्या बाइकचा हॉर्न. मी अशीच दचकते. तुमचं गिऱ्हाईक घ्या ना आधी, ग्लास बसवून द्या त्यांना, मी उभी आहे.

मंगळवारी मी आले होते तुमच्याकडे, आठवतं? पहिल्या राउंडच्या दिवशी. आमच्या खोलीत एका सिमला नेट मिळतं, तेही खिडकीतच, आणि माझा जुना नंबर दुसऱ्या सिमवर. इंटरव्ह्यूवाली मॅडम व्हिडिओवर विचारतेय, तुमच्याकडे इंटरनेट नीट चालतं का, घरून काम करायचंय, आणि मी म्हणतेय, हो मॅम, अगदी नीट—आणि तेवढ्यात पप्पांची रिंग. स्क्रीन जागच्या जागी गोठली. माझं तोंड उघडं, तसंच. नेट परत येईपर्यंत ती दुसऱ्या कोणाशी बोलायला लागली होती. हातापाया पडून पुन्हा वेळ मागितली, आजची. तेव्हा तुम्हीच सांगितलंत, फोन खराब नाही, एका सिमवर कॉल आला की दुसऱ्याचं नेट तुटतं, तुमचं मॉडेल तसंच आहे, त्या वेळेपुरता नंबर ब्लॉक करून टाका. बरोबरच सांगितलंत. मी तुम्हाला दोष द्यायला आलेले नाही.

बंद झाली. थांबा, परत लावते. ... हां. जातेय.

आणि गंमत बघा, ते कुठल्या बिल्डिंगमध्ये आहेत ते मला माहीत नाही. रोज सकाळी सांगतात, बिल्डिंगचं नाव आणि वॉचमनचा नंबर, डबा भरता भरता मी लिहून घेते, कॅलेंडरवरच. आज कानात इअरफोन होते. इंटरव्ह्यूचे प्रश्न ऐकत होते. ते दारात उभे राहून काहीतरी बोलले, मी मान हलवली. त्यांना वाटलं लिहिलं. ऑफिसला फोन केला तर म्हणे, साइटवर असतील, मॅडम, जेवायला गेले असतील, टेन्शन कशाला घेता? मी म्हटलं, कुठल्या साइटवर? तर म्हणे, सुपरवायझर आल्यावर सांगतो. नकाशावर एकेक सोसायटी बघून तिथले नंबर शोधायला बसले, तर कॉल चालू असला की नेट बंद, आणि नेट हवं तर कॉल तोडायचा. एक तर पप्पांना फोन लावायचा, नाहीतर पप्पांना शोधायचं. दोन्ही एकदम होत नाही ह्या फोनवर. मुलुंडला जाऊ म्हणता? जाते की. पण वाकोल्याहून जाऊन उभी कुठे राहू?

तुम्हाला वाटेल, विसरले असतील दुसरी रिंग द्यायला. मलाही वाटलं. पण ते विसरत नाहीत ना. सोमवारी तापात होते, तरी दिली. आणि हेही बघा—पिटात नेटवर्क नसतं. दीडला मी पहिला कॉल केला तर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दोनला, बाहेर. सव्वादोनला, बाहेर. म्हणजे तीन तास खाली. काम असतं अर्ध्या तासाचं. आणि अडीचपासून ही रिंग जातेय. रिंग जातेय म्हणजे फोन वर आलाय. फोन वर आलाय, बरोबर ना? मग उचलत का नाहीत? पप्पा वर आले असते तर आधी दुसरी रिंग दिली असती. नंबर मी दीडलाच मोकळा केलाय. मग फोन वर कोणी आणला?

नका, पाणी नको.

मंगळवारी तुम्ही विचारलं होतंत, कोणाचा नंबर ब्लॉक करायचाय? आणि मी म्हटलं, असाच एक, लोनवाल्यांचा, सारखा त्रास देतात. तुम्ही हसलात. तुम्हीच करून दाखवलंत, ह्याच काउंटरवर, आणि आज इंटरव्ह्यूआधी मी तसाच केला. तो पप्पांचा होता, दादा. लाज वाटली सांगायची. मंगळवारी ते घरी आले तेव्हा मी ओरडले होते त्यांच्यावर, तुमच्या त्या रिंगेपायी माझी नोकरी गेली, मला नका करत जाऊ ती रिंग, मी काय वॉचमन आहे? ते बूट काढत होते. एक बूट हातात तसाच. म्हणाले, मग कोणाला करू, संघू? मी इअरफोन लावले. आणि तरी आज अकरा चौदाला केली. त्यांना काय माहीत पलीकडे कोणी नाही. त्यांना वाटलं, पोरगी घड्याळ बघतेय, आणि त्या भरवशावर उतरले. पातेल्याचं मघाशी अर्धंच सांगितलं—दीडला मेल आला, सिलेक्ट झाले. ते सांगायला त्यांचा नंबर काढला, तेव्हा कुठे आठवलं की ब्लॉक तसाच आहे. इंटरव्ह्यू पावणेबाराला संपला होता. पावणेबारा ते दीड मी काय केलं? मॅगी केली. तेव्हाच काढला असता तर—अर्धा तास नुकताच झाला असता. नुकताच—

थांबा. रिंग थांबली. नाही, बंद नाही झाली, दादा, उचलला—कोणीतरी उचलला! हॅलो? पप्पा? पप्पा, मी संघू, अहो किती वेळ— ... कोण? ... हो. हो, त्यांचाच फोन. ... मुलगी बोलतेय.

स्पीकर बंद करा, दादा.